थायरॉईडची गोळी परत मागवली जाते तेव्हा

माळव्यातील मराठी घरांत सकाळचा पहिला चहा होण्यापूर्वी अलीकडे एक नवा नेम पाळला जाऊ लागला आहे. घरातील कोणी वडीलधारी स्त्री उठते, तोंड धुते, लहानशा बाटलीतून मिरीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक गोळी काढते, पेलाभर पाण्याबरोबर घेते आणि मग अर्धा-पाऊण तास समोरच्या चहाकडे नुसती पाहत राहते. ती गोळी थायरॉईडची. पूर्वी हे नाव आमच्या गावात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. आता हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर त्यांतील एक-दोघी तरी आपापल्या गोळीची मात्रा एकमेकींना सांगताना ऐकू येतात. भारतातील आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये या ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. तेव्हा हा विषय एखाददुसऱ्या घराचा नाही, हे उघड आहे.

अशी रोज घ्यावयाची, बहुधा जन्मभराची गोळी एके दिवशी बाजारातून परत मागवली गेल्याची वार्ता आली, तर रुग्णाने काय करावे? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत आमच्या घरातील एका माणसास मोजावी लागली. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

घडले ते असे

२०२३ सालची गोष्ट. अॅबट इंडिया या कंपनीने आपल्या ‘थायरोनॉर्म’ या गोळ्यांची एक बॅच परत मागवीत असल्याची जाहीर सूचना दिली. कारण असे, की त्या बॅचच्या बाटल्यांवरील लेबलावर औषधाची मात्रा चुकीची छापली गेली होती. ही बॅच मध्य प्रदेश आणि तेलंगण या दोनच राज्यांत वितरित झाली होती. म्हणजे वार्ता दूरदेशीची नव्हती, थेट आपल्या अंगणातील होती.

आम्ही सकाळी ओसरीवर बसून हिंदी दैनिक चाळीत होतो. ती बातमी दृष्टीस पडताच आम्ही शीर्षक मोठ्याने वाचले आणि आत स्वयंपाकघराकडे पाहून म्हणालो, “वहिनी, तुमची ती गोळी कंपनीने परत मागवली म्हणतात. जरा जपून हो!” एवढे बोलून, दैनिकाची घडी करून, आम्ही शाळेची वाट धरली. ‘प्रश्न शेवटपर्यंत वाचा, मगच लेखणी उचला,’ असे गेली तीस वर्षे मुलांना बजावणाऱ्या मुख्याध्यापकाने स्वतः मात्र शीर्षकाखालच्या चार ओळीही वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत.

आमचे थोरले बंधू गेल्यापासून वहिनी हाटपिपल्यास आमच्याकडेच असतात. वयाची पासष्टी त्यांनी ओलांडली आहे. थायरॉईडची गोळी त्या अनेक वर्षे घेत आल्या आहेत. त्या दिवसापासून त्यांनी ती बंद केली. कोणास सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. दिराने वाचून दाखवले, त्याअर्थी ते खरे असणारच!

पहिले काही दिवस काहीच झाले नाही, आणि खरा घात येथेच झाला. पुढे हळूहळू त्या दुपारी झोपू लागल्या. बोलणे संथ झाले. चेहरा किंचित सुजल्यासारखा दिसू लागला. बद्धकोष्ठाची तक्रार सुरू झाली. आम्ही सर्वांनी ते वयाच्या खात्यावर मांडले. मग गणपती आले. भाद्रपदातील त्या उकाड्यात आम्ही सारे पंख्याखाली घामाघूम झालो होतो आणि वहिनी मात्र शाल पांघरून बसल्या होत्या. आरतीला त्यांनी सूर लावला, तो इतका घोगरा निघाला की सर्वांनीच वळून पाहिले. सौभाग्यवतींनी त्यांना बाजूला घेऊन खोदून विचारले, तेव्हा उलगडा झाला.

“अहो भावोजी, तुम्हीच तर वाचून दाखवलंत ना?” वहिनी आम्हांस म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळे ते वाक्य आम्हांस अधिकच लागले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना देवासला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्ततपासणीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेला होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “बाटली आणली आहे का?” बाटली कोठून आणणार? वहिनींची सवय अशी, की नवी बाटली आली की गोळ्या एका जुन्या मुखवासाच्या डबीत ओतायच्या आणि रिकामी बाटली धुऊन जिरे-ओवा भरायला घ्यायची. दुकानाची पावती आम्ही कधी मागितलीच नव्हती. चिठ्ठीवरून कंपनी कळली, मात्रा कळली. परंतु घरात होती ती बॅच परत मागवलेली होती की नव्हती, हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. आजतागायत ते आम्हांस कळलेले नाही.

ही गोळी करते काय?

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे संप्रेरक शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाची गती ठरवते. चुलीतील जाळ मागे-पुढे सारून आच कमी-अधिक करावी, तसे हे काम आहे. ग्रंथी मंदावली की थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, मासिक पाळीत अनियमितता येते आणि मनास मरगळ येते. उलट संप्रेरक अधिक झाले, तर छातीत धडधडते, हात कापतात, झोप उडते, वजन घटते आणि उकाडा असह्य होतो. वृद्धांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचाही धोका असतो.

या व्याधीवरील उपचाराचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी एका रुग्ण स्त्रीस मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला. मरणपंथास लागलेली ती बाई त्यानंतर आणखी २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळात अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतील मूळ द्रव्य, म्हणजे थायरॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळे केले. १९२७ साली लंडनमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. आपण आज घेतो ती गोळी याच परंपरेतील आहे. तिच्यातील औषधाचे नाव लिव्होथायरॉक्सिन. बाटलीवरील व्यापारी नाव कोणतेही असो, आत असते ते हेच.

आता मात्रेचा विचार करू. ही मात्रा मिलिग्रॅममध्ये नसते, मायक्रोग्रॅममध्ये असते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ५० मायक्रोग्रॅमच्या २०,००० गोळ्या एकत्र केल्या, तर त्यांत मूळ औषध भरेल अवघे एक ग्रॅम! गोळीचा बाकीचा सारा आकार हा पूरक द्रव्यांचा असतो. डॉक्टर २५ वरून ५० वर नेतात किंवा १०० वरून ८८ वर आणतात, ते उगीच नव्हे. एवढ्याशा फरकानेही रुग्णाचे पारडे इकडचे तिकडे होऊ शकते. म्हणूनच लेबलावरील मात्रा चुकणे ही किरकोळ छपाईची चूक मानता येत नाही.

या औषधाची दुसरी एक खोड आहे. ते शरीरात सावकाश खर्ची पडते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही, आणि गोळी अजिबात बंद केली तरी त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही. रुग्णास वाटते, आपले काही बिघडले नाही. काही आठवड्यांनी बिघाड दिसू लागतो, तेव्हा मूळ कारण विस्मरणात गेलेले असते. वहिनींच्या बाबतीत नेमके हेच घडले. फार काळ औषधाविना राहिलेल्या वृद्ध रुग्णास क्वचित बेशुद्धीपर्यंत पोहोचविणारी अवस्थाही येऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

परत मागवणे म्हणजे काय?

कारखान्यात एका वेळी, एका घाण्यात तयार झालेल्या मालास बॅच म्हणतात, आणि तिला स्वतंत्र क्रमांक असतो. औषध परत मागवले जाते, ते बहुतेक वेळा एका वा काही बॅचपुरते. त्याच औषधाच्या इतर बॅचना त्या दोषाचा संबंध असेलच असे नाही. लेबल चुकणे, औषधाचा जोर ठरल्याहून कमी वा अधिक भरणे, भेसळ अथवा दूषितता आढळणे, अशी त्याची कारणे असतात. कधी कंपनी आपण होऊन माल मागे घेते, तर कधी सरकारी औषध नियंत्रक तसा आदेश देतो.

आपल्या देशात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने यासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत. त्यांत दोषाचे तीन वर्ग पाडले आहेत. ज्या दोषाने प्राणावर बेतू शकते तो पहिला वर्ग. त्यात २४ तासांच्या आत काम सुरू करून जास्तीत जास्त ७२ तासांत माल मागे घ्यावयाचा असतो. ज्याने तात्पुरता वा बरा होण्याजोगा अपाय संभवतो तो दुसरा वर्ग, त्यास १० दिवस. ज्याने अपाय होण्याचा संभव फारसा नसतो तो तिसरा वर्ग, त्यास ३० दिवस. ‘परत मागवले’ हा शब्द एकच असला, तरी त्यामागचे गांभीर्य असे निरनिराळे असते.

थायरॉईडच्या गोळीवर ही पाळी केवळ आपल्याकडे आली असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली या औषधाचा आढावा घेतला. त्यापूर्वीच्या काही वर्षांत तेथे किमान १० वेळा या गोळ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यांत १५० बॅच होत्या आणि गोळ्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. बहुतेक वेळी कारण असे, की मुदत संपण्यापूर्वीच गोळीचा जोर उतरत असे. उष्णता, दमटपणा आणि प्रकाश हे या नाजूक औषधाचे वैरी होत. पुढे २००७ साली तेथे नियम अधिक कडक झाला. मुदत संपेपर्यंत गोळीतील औषध लेबलावरील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आतच राहिले पाहिजे, असे ठरले.

येथे एका गोष्टीचा उल्लेख अगत्याचा वाटतो. २०२५ साली आपल्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्या हृदयद्रावक घटनेनंतर ‘औषध परत मागवले’ हे शब्द कानी पडताच मातापित्यांनी बाटली फेकून द्यावी, हे स्वाभाविकच आहे. खोकल्याच्या औषधाबाबत ते योग्यही आहे, कारण ते थांबविल्याने बालकाचे काही अडत नाही. परंतु जे औषध शरीरास स्वतःला पुरेसे तयार करता येत नाही म्हणून बाहेरून दिले जाते, ते असे सोडून देता येत नाही. सदोष बॅच टाकावयाची, औषध मात्र चालू ठेवावयाचे, हा भेद प्रत्येक थायरॉईड रुग्णाने मनावर कोरून ठेवला पाहिजे.

मग रुग्णाने करावे काय?

डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून आणि पुढे आम्ही केलेल्या वाचनातून जे हाती आले, ते क्रमवार मांडतो.

१. सूचना पूर्ण वाचावी. औषधाचे नाव, कंपनी, मात्रा आणि बॅच क्रमांक या चारही गोष्टी आपल्या बाटलीशी ताडून पाहाव्यात. जुळत नसतील, तर गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवावी.

२. चारही जुळल्या, तर ती बाटली बाजूस ठेवून त्याच दिवशी औषधाचे दुकान आणि डॉक्टर गाठावेत, आणि दुसऱ्या बॅचची त्याच मात्रेची गोळी घ्यावी. बाटली फेकू नये, तीच पुरावा असते. आपल्या मनाने गोळी अर्धी करणे वा दोन घेणे कटाक्षाने टाळावे.

३. चुकीच्या मात्रेची गोळी काही दिवस पोटात गेली असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. छातीत धडधड, छातीत दुखणे, धाप, हातांचा कंप अशी लक्षणे असतील, तर एक दिवसही थांबू नये. मात्रा वा कंपनी बदलल्यावर साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावयाची असते. त्याआधी आकडा स्थिरावत नाही.

४. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि लहान मुले यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. गरोदरपणी या संप्रेरकाची गरज वाढते, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. जन्मतः ही ग्रंथी काम करीत नसलेल्या बालकाचा उपचार खंडित झाला, तर त्याच्या बुद्धीच्या वाढीवर कायमचा आघात होऊ शकतो.

५. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, आणि बाटली चुलीजवळ, खिडकीत वा न्हाणीघरात ठेवू नये. आमच्या माळव्याच्या वैशाखात तर याची अधिकच काळजी घ्यावी. गोळी अनशापोटी, केवळ पाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियमच्या वा लोहाच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

६. पावती अवश्य मागावी. तिच्यावर बॅच क्रमांक असतो, आणि मागणाऱ्यास ती देणे दुकानदाराचे कर्तव्यच आहे.

सामान्य नागरिकाच्या हातात कायद्यानेही काही साधने दिली आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अन्वये कोणीही व्यक्ती विहित शुल्क भरून आपण विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. औषधाचा अपाय झाल्यास तो कळविण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले असून, थायरोनॉर्मही त्या यादीत आहे. घरातील मुलाने मोबाईल त्या चौकोनावर धरला, की औषधाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक आणि मुदत समोर येते.

औषधवही

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांची एक निराळी अडचण आहे. आमच्या वहिनींच्या पिढीतील अनेक स्त्रियांना देवनागरी उत्तम वाचता येते. पोथी त्या अडखळल्याविना वाचतात. परंतु बाटलीवरील अक्षर इंग्रजी असते, आणि तेही मुंगीच्या पावलाएवढे. त्यामुळे औषधाची सारी माहिती घरातील पुरुषांच्या वा मुलांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचते. सांगणाऱ्याने अर्धवट सांगितले, तर ऐकणारी व्यक्ती काय करणार? वहिनींनी चूक केली असे आम्ही कधीच म्हणू शकणार नाही. चूक ओसरीवर बसून शीर्षक वाचणाऱ्याची होती.

शाळेत हजेरीपट, साठापट ठेवण्याची आम्हांस जन्माची सवय. त्यावरून सुचले म्हणून घरात एक औषधवही घातली. साध्या शंभरपानी वहीत रकाने आखले आहेत: औषधाचे नाव, मात्रा, कंपनी, बॅच क्रमांक, खरेदीची तारीख, मुदत. सारे देवनागरीत, ठसठशीत अक्षरांत. बाटली घरात आली की नात लेबल वाचते आणि वहिनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतात. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांतील भेद आता त्यांना पाठ आहे. मुखवासाच्या डबीत पुन्हा मुखवास आला आहे.

गोळी पुन्हा सुरू केल्यावरही वहिनींना पूर्ववत होण्यास बराच काळ लागला. वयाचा विचार करून डॉक्टरांनी मात्रा सावकाश चढविली. दिवाळीचा फराळ त्या वर्षी सौभाग्यवतींनी एकटीने केला. वहिनी शेजारी पाटावर बसून नुसत्या सूचना देत होत्या. संक्रांतीस मात्र त्यांनी स्वतः तिळगूळ वळला, आणि पुढल्या गणपतीत आरतीचा सूर पुन्हा त्यांनीच धरला.

आता सकाळी आम्ही दैनिक वाचावयास घेतले, की आतून हमखास विचारणा होते, “भावोजी, औषधाचं काही आलंय का? आलं असेल तर बॅचचा आकडा वाचा, मी वही आणते.” आम्ही मुकाट्याने बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवितो. वाचकहो, आपल्या घरीही अशी एखादी वही आजच घालावी, ही विनंती.